स्पेनमधल्या वायादोलिदच्या धुक्यात राहणाऱ्या लेकीस

सावंतवाडी
मंगळवार, रात्रीचे साडेदहा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

आज नऊ दिवस झाले, तुझा फोन नाही. दादाला मेसेज येतात, तो मला सांगतो, "बरी आहे, काम चाललंय." पुढे मी काही विचारत नाही. विचारायचा हक्क मीच घालवून बसले आहे.

तुझ्या घरमालकीणबाईंना तुला न विचारता पत्र लिहिलं, ही माझी चूक. दादा नको म्हणत होता. मीच त्याला समोर बसवून ते मोबाइलवर स्पॅनिशमध्ये करून घेतलं. "माझ्या मुलीला दमा आहे, रात्री खोकला ऐकू आला तर दार वाजवा," असं सत्तावीस वर्षांच्या मुलीबद्दल परक्या बाईला लिहिलं. त्या बाई सकाळी चहाच्या वेळी ते सगळ्या भाडेकरू मुलींसमोर बोलल्या आणि तुला मान खाली घालावी लागली. "आई, मी इथे संशोधन करायला आलेय, दवाखान्यात भरती व्हायला नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास. बरोबर बोललीस. म्हणून या पत्रात मी दम्याच्या पंपाचं नावही काढणार नाही. तुझ्या प्रबंधाच्या प्रकरणाबद्दलच लिहायचं असं ठरवून बसले आहे.

ते प्रकरण तू भांडणाच्या आदल्या दिवशी धाडलं होतंस. "आई, लाल पेन घेऊन वाच," असंही लिहिलं होतंस. दादाने बेचाळीस पानं छापून आणली. मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवली, कारण डोळ्यात थेंब घातल्यावर त्यांना तासभर दिसत नाही. ते मध्येच म्हणाले, "हे आपल्या मनूने लिहिलंय?" आणि नंतर बराच वेळ गप्प होते.

पहिल्याच वाक्याखाली मी लाल रेघ मारली आहे. "२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा पडलं आणि स्पेनच्या साम्राज्याचा उदय झाला." मनू, हे असं मी नववीच्या वर्गात शिकवायचे. फळ्यावर १४९२ लिहून त्याला गोल करायचे. घंटा व्हायला दहा मिनिटं असताना तेवढंच शिकवता येतं. पण तुझ्याकडे बेचाळीस पानं आहेत. ग्रानादाच्या मुस्लिम राजाने, बोअब्दिलने, त्या दिवशी अलहम्ब्रा राजवाड्याच्या किल्ल्या दिल्या, त्याआधी दहा वर्षं ते युद्ध चाललं होतं, १४८२ मध्ये आल्हामा घेतलं तिथपासून. मालागाचा वेढा १४८७ चा. शहर उपासमारीने शरण आलं आणि तिथली बहुतेक माणसं गुलाम म्हणून विकली गेली. ते तू तळटीपेत टाकलं आहेस. वर आण.

दुसरं, 'स्पेन' हा शब्द. पहिल्या पाच पानांत एकोणीस वेळा आलाय. कुठलं स्पेन? इसाबेल कॅस्टीलची राणी, फेर्नांदो आरागॉनचा राजा. लग्न झालं तरी कोर्तेस, म्हणजे प्रतिनिधींच्या सभा, वेगळ्या, कायदे वेगळे, नाणी वेगळी, जकाती वेगळ्या. एक घर, दोन चुली, आपल्या वरच्या घरासारखं. भूमध्य समुद्राकडचं सिसिली, सार्डिनिया हे आरागॉनचं. आणि कोलंबसाने शोधलेला मुलूख चढला तो कॅस्टीलच्या खात्यावर. हे एकदा नीट सांगितलंस की पुढचं सगळं वाचणाऱ्याला सोपं जाईल.

आणि सुरुवात ग्रानादापासून कशाला, तू राहतेस त्या गावापासूनच कर ना. १९ ऑक्टोबर १४६९, वायादोलिद. इसाबेल अठराची, फेर्नांदो सतराचा. सावत्र भाऊ एन्रिके राजा तिच्यासाठी वेगळीच स्थळं बघत होता आणि तिने त्याला न विचारता आपलं लग्न ठरवलं. फेर्नांदो व्यापाऱ्यांच्या तांड्यात नोकर बनून आला, वाटेत खेचरांची निगा राखत, लोकांना जेवण वाढत. दोघं नात्यातली, म्हणून पोपची परवानगी लागायची. ती आली नव्हती, तेव्हा खोटी तयार करून लग्न लावलं. खरी परवानगी मिळाली ती १४७१ मध्ये. एवढ्या मोठ्या राज्याचा पाया एका खोट्या कागदावर आहे आणि तू रोज सकाळी ते लग्न लागलं त्या वाड्याजवळून बस पकडायला जातेस, असं पहिल्या आठवड्यात म्हणाली होतीस.

सकाळी म्हणजे साडेसातलाच ना? तेव्हा तिकडे उजाडलेलंही नसतं. पिसुएर्गा नदीवरून धुकं चढतं आणि दुपारपर्यंत हलत नाही, असं मी वाचलं. थंड दमट हवा आणि त्यात दिवसभर जुन्या कागदांची धूळ, म्हणजे...

राहू दे. प्रकरणाबद्दल लिहायचं ठरलंय.

तुझी सगळ्यात चांगली पानं तोलेदोची आहेत. १४८० च्या कोर्तेसचा हिशेब तू ज्या बारकाईने मांडला आहेस, तो वाचताना मला अण्णांची पेटी आठवली. एन्रिकेने सरदारांना खूश ठेवायला इनामं वाटत सुटून खजिना रिकामा केला. महसूल यायचा, पण राजाच्या हाती लागायच्या आधीच वाटेत संपायचा. तोलेदोत ती इनामं तपासायला घेतली. कोणाला दिलं, कधी दिलं, कशाबद्दल दिलं, सनद दाखव. हे काम इसाबेलने सेनापतीला सांगितलं नाही. आपल्या धर्मगुरूला, एर्नांदो दे तालाव्हेराला, हिशेबाच्या चोपड्या घेऊन बसवलं. वर्षाला सुमारे ३ कोटी मारावेदींचं, म्हणजे तिथल्या नाण्यांचं, उत्पन्न परत आलं. आणि १४६४ च्या आधीच्या इनामांना हात लावला नाही, हे तू टिपलंस याचं मला फार कौतुक वाटलं. तिने सरदारांना बुडवलं नाही, त्यांच्याशी तडजोड केली, म्हणून ते नंतर ग्रानादाच्या वेढ्यात तिच्या बाजूने उभे राहिले. हे मला तीस वर्षं शिकवूनही असं सुचलं नव्हतं.

त्या आधीची १४७६ ची एर्मान्दाद, गावोगावचे शिपाई आणि त्यासाठी गोळा होणारी वर्गणी, तिला मात्र तू दोनच ओळी दिल्यास. तिच्याकडे परत ये, कारण पुढे दागिन्यांच्या गोष्टीत तीच कामी येते.

राणीने दागिने गहाण ठेवून कोलंबसाला गलबतं दिली, हे मी वर्गात किती रंगवून सांगायचे तुला माहीत आहे. तू पाचवीत असताना माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र धरून विचारलं होतंस, "आई, तू मला बोट घ्यायला हे देशील?" आता तूच मला हिशेब दाखवते आहेस. दागिने आधीच व्हालेन्सियाच्या सावकारांकडे होते, ग्रानादाच्या युद्धातल्या बासाच्या वेढ्यासाठी गहाण. कोलंबसासाठी ११,४०,००० मारावेदी उभे केले ते लुईस दे सांतान्हेलने, आणि तो एर्मान्दादच्या पैशांचा व्यवहार बघणारा माणूस. दोन गलबतं तर पालोस गावाकडून दंडापोटी वसूल केली. म्हणजे ज्या पैशातून रस्त्यावरचे चोर धरले जात, त्यातूनच समुद्रावरची वाट निघाली. हे वाक्य हवं तर तसंच घे. आणि सांतान्हेलचं घराणं मूळचं ज्यू, त्याच्या नात्यातल्या माणसांना इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, जाळलं, आणि तो तरीही त्याच राजाच्या पैशांचे हिशेब लिहीत होता. रात्री घरी जाऊन तो बायकोशी काय बोलत असेल, असं मला वाटत राहिलं. तू इतिहासकार आहेस, तुला असं लिहिता येणार नाही. मी आई आहे, मला विचार करायला मुभा आहे.

कॅनरी बेटांचा भागही वाढव. १४७९ चा आल्कासोवासचा तह तू पोर्तुगालशी भांडण मिटल्याचा तह म्हणून संपवला आहेस. पण त्यातच वाटणी आहे. मदेइरा, अझोर, गिनीचा किनारा पोर्तुगालला आणि कॅनरी कॅस्टीलला. मग ग्रान कानारिया १४८३ मध्ये, ला पाल्मा १४९३ मध्ये, तेनेरिफे १४९६ मध्ये. राजाने पट्टा लिहून द्यायचा, सरदाराने कर्ज काढून गलबतं न्यायची, तिथली माणसं पकडून विकायची, जमिनीत ऊस लावायचा. अमेरिकेत पुढे जे झालं त्याची सगळी तालीम तिथे झाली. १४९२ मध्ये काही आभाळातून पडलं नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे, मनू. तुझं प्रकरण एका वर्षाभोवती मिरवणुकीसारखं फिरतं. पालखी दिसते, भोई दिसत नाहीत.

लिहिता लिहिता मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले. रागावू नको. तुझ्या मार्गदर्शक बाई हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी स्पॅनिश वाचू शकत नाही, तुझे मूळ कागद मी कधी पाहणार नाही. तू पाठवलेल्या त्या फोटोत पंधराव्या शतकातलं लिहिणं होतं, लेखणी न उचलता ओळभर एकच रेघ धावत गेलेली. अण्णा असते तर म्हणाले असते, ही तर मोडीची बहीण. ते लेगाहो म्हणतात तिकडे, तेही आपले रुमालच की. कापडात नाहीतर दोरीत बांधलेले, शंभर वर्षांत कोणी न सोडलेले. अण्णांनी तुला सुट्टीत मोडी शिकवली तेव्हा मी म्हणत होते, पोरीला गणित शिकवा, मोडीचा काय उपयोग. आज तू सिमान्कासच्या त्या जुन्या दफ्तरांच्या किल्ल्यात बसून ती लिपी वाचतेस. मी सांगते सगळ्यांना. भाजीवालीलासुद्धा सांगते की माझी मुलगी राणी इसाबेलचं मृत्युपत्र ज्या किल्ल्यात ठेवलंय तिथे बसते.

पण रुमाल सोडताना तोंडाला फडकं बांधतेस ना? अण्णा बांधायचे. ते काही तुझ्यासाठी खास सांगत नाही, सगळेच बांधतात.

आता हाकलून दिलेल्या ज्यूंबद्दल. ३१ मार्च १४९२ चा हुकूम, जुलैअखेरची मुदत, सोनं-चांदी-नाणं न्यायची बंदी, हे तू लिहिलंस. गेलेले कुठे गेले, ते एका वाक्यात संपवलंस. तिथे तुझा हात का थांबला? तुला तर ती वाट लहानपणापासून माहीत आहे.

तुला आठवत नसेल, तू सहा वर्षांची होतीस. गोव्यात पणजीला मावशीकडचं लग्न आटोपून आपण चर्चसमोरच्या बागेत बसलो होतो. तू कबुतरांमागे धावत होतीस आणि धावता धावता मटकन खाली बसलीस. मला वाटलं ठेच लागली. जवळ गेले तर ओठ निळे. छातीतून आवाज येत होता, बंद खिडकीच्या फटीतून वारा शिरतो तसा. बाबा औषधाच्या दुकानाकडे धावले. मी तुला मांडीवर ताठ बसवलं, पाठ चोळत राहिले, आणि समोरच्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या मोजत राहिले, काहीतरी मोजलं पाहिजे म्हणून. बाबा येईपर्यंत मी त्या पायऱ्या किती वेळा मोजल्या ते मला सांगता येणार नाही. तुझा पहिला पंप त्या दिवशी घेतला. श्वास लागल्यावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, कबुतर गेलं?"

निघताना फाटकाजवळ बागेचं नाव वाचलं, गार्सिया द ओर्ता. ते नाव मला तोवर ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर कित्येक रात्री तू झोपलीस की मी त्याच्याबद्दल वाचत बसायचे, तुझ्या श्वासाकडे एक कान ठेवून. बाप व्हालेन्सिया दे आल्कांतारा गावचा, कॅस्टीलच्या हद्दीतला ज्यू. १४९२ मध्ये सीमा ओलांडून पोर्तुगालात गेला. तिथे पैसे मोजून आठ महिने राहायची परवानगी होती. मग पोर्तुगालच्या मानुएल राजाला इसाबेलची थोरली मुलगी हवी होती आणि तिची अट होती की आधी तुमच्या राज्यातून हे लोक घालवा. डिसेंबर १४९६ मध्ये तिथेही हुकूम निघाला, आणि १४९७ मध्ये जे उरले त्यांना जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. ओर्ता त्यानंतर जन्मला, सालामांका आणि आल्कालाला वैद्यक शिकला, १५३४ मध्ये गोव्याला आला. इथल्या झाडपाल्यावर पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. १५६८ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून तीही जाळली.

तुला स्पेनचं वेड त्या बागेतून लागलं, असं मी लोकांना सांगते. तुझ्या प्रकरणात ती बाग का नाही? एका मुलीच्या लग्नाच्या अटीपासून पणजीच्या फाटकापर्यंत सरळ रस्ता येतो. तू त्या फाटकातली मुलगी आहेस. तू नाही लिहायचं तर कोणी लिहायचं?

ते लग्न कुठे लागलं, माहीत आहे ना तुला? सप्टेंबर १४९७ मध्ये, त्याच व्हालेन्सिया दे आल्कांतारा गावात. ज्या गावातून ओर्ताचा बाप निघाला होता. आणि त्या लग्नात असतानाच इसाबेलला निरोप आला की मुलगा आजारी आहे.

मला खरं म्हणजे या भागाबद्दल लिहायचं नव्हतं. तुझ्या प्रकरणात राणीची मुलं एका वंशावळीत आहेत, चौकटी आणि रेघा. मी त्या पानावर तीन दिवस अडकले होते. हुआन, युवराज, एकोणीस वर्षांचा. एप्रिलमध्ये लग्न झालं होतं. दरबारातला पीटर मार्टिर लिहितो की वैद्यांनी राणीला सांगितलं होतं, पोराची प्रकृती नाजूक आहे, नवराबायकोला काही दिवस वेगळं ठेवा. तिने ऐकलं नाही. देवाने जोडलं ते माणसाने तोडू नये, म्हणाली. फेर्नांदो लग्नमांडवातून तसाच सालामांकाला गेला, ती मागे राहिली. ४ ऑक्टोबरला हुआन गेला. पुढच्या वर्षी थोरली मुलगी बाळंतपणात गेली. तिचं बाळ मिगेल, जो जगता तर कॅस्टील, आरागॉन, पोर्तुगाल तिन्ही त्याचीच होती, तो दोन वर्षांचा व्हायच्या आधीच १५०० मध्ये गेला.

याच वर्षांत तुझ्या प्रकरणातला नकाशा मोठा होत जातो. १४९४ मध्ये तोर्देसियासचा तह, केप व्हर्देच्या पश्चिमेला ३७० लीगांवर रेघ आखून जगाची वाटणी. १५०३ मध्ये सेव्हिलला व्यापाराची कचेरी. पान उलटलं की एक बेट वाढतं, आणि मी दुसरीकडे बोटांवर तिची माणसं मोजते.

आणि लारेदो. ऑगस्ट १४९६. सोळा वर्षांची हुआना लग्नासाठी फ्लँडर्सला निघाली, शंभराहून जास्त जहाजांचा काफिला. त्याच महिन्यात इसाबेलची स्वतःची आई वारली होती. फेर्नांदो जवळ नव्हता. ती एकटी लेकीला घेऊन बंदरापर्यंत गेली आणि निघायच्या आधी रात्रीची गलबतावर लेकीजवळ राहिली. नंतर किती दिवस बातमी नाही, तेव्हा त्या समुद्राच्या माहितगारांना बोलावून विचारत राहिली, वारा कसा असेल, उशीर का झाला असेल. जिने जगावर रेघ ओढली होती, तिला आपली मुलगी पोचली की नाही ते कळत नव्हतं. मनू, मी रोज वायादोलिदचं हवामान बघते ते हेच आहे. यात तुझ्यावर पहारा ठेवायचा हेतू नाही. मला दुसरं काही करता येत नाही, म्हणून बघते.

माझ्या मनात हुआन येतो. वैद्याने सांगितलं होतं आणि आईने मध्ये पडायचं नाही असं ठरवलं. मी तुझ्या घरमालकीणबाईंना लिहिलं त्या रात्री माझ्या मनात तोच होता. हे तुला सांगायला हवं होतं, तर मी फोनवर भलतंच बोलले, "तुला आईबापाची किंमत नाही," वगैरे. ते मी परत घेते.

तू म्हणशील, आणि हुआनाचं काय? म्हण. मीही तोच विचार केला. नवरा मेल्यावर बापाने तिला १५०९ मध्ये तोर्देसियासला कोंडून ठेवलं, बाप गेल्यावर मुलाने ठेवलं, १५५५ मध्ये ती मरेपर्यंत. सेहेचाळीस वर्षं. राज्य तिच्या नावाने चालत होतं. आणि सगळे म्हणत होते की तिची तब्येत ठीक नाही, तिच्या भल्यासाठीच चाललंय. ते वाचल्यावर मी पानं मिटून ओटीवर जाऊन बसले. भल्यासाठी हा शब्द मी तुझ्याबाबतीत किती वेळा वापरला, ते आठवत होते. दहावीची सहल. पुण्याचं हॉस्टेल. ते नाटक. दर वेळी मी पंप पुढे केला आणि तू मागे राहिलीस. स्पेनला जायच्या वेळी पहिल्यांदा तू मला विचारलं नाहीस, सांगितलंस. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तुला असं करावं लागलं यात माझाच हात आहे.

तोर्देसियास तुझ्यापासून तासाभराच्या आत आहे ना? जाशील तेव्हा त्या नदीकाठचा एक फोटो पाठव. मला बघायचं आहे तिला खिडकीतून काय दिसत असेल.

बाकी इकडचं बरं आहे. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन संकष्टीनंतर ठरवू म्हणतात. काकूंनी पाट्यावर वाटलेला मसाला दिलाय, तो आणि आमसुलं पार्सलात घातली आहेत. बेचाळीस पानंही घातली आहेत, माझ्या लाल रेघांसकट. सदतिसाव्या पानावर समासात जे लिहिलंय ते वाचू नको, ते मी स्वतःशी लिहिलं होतं. खोडायला गेले तर कागद फाटायला लागला.

घरमालकीणबाईंना मी दुसरं पत्र लिहिलं आहे, पण पाठवलं नाही. "माझी मुलगी स्वतःची काळजी घ्यायला समर्थ आहे, मी आधी लिहिलं त्याबद्दल क्षमा असावी," एवढंच. तू हो म्हणालीस तरच दादा ते स्पॅनिशमध्ये करील.

फोन तुझ्या सवडीने कर. नाही केलास तरी चालेल, दादाला मेसेज करत राहा म्हणजे झालं.

तुझी,
आई

ता. क. पंपाच्या पत्र्याच्या डबीवर बारीक अक्षरात तारीख छापलेली असते. तू सप्टेंबरात नेलेला निळा पंप घरातल्या जुन्या खोक्यातला होता, हे मला आज कपाट आवरताना लक्षात आलं. एकदा बघून घे.